मुक्काम नाही, मिती नाही

नानांना पत्ता विचारला की मी हातातलं काम खाली ठेवते. "मागे आपण त्या लोहाराकडे गेलतो ना, त्याच्या अलीकडे," अशी सुरुवात असते. लोहाराकडे गेलो होतो ते माझ्या लग्नाच्याही आधी. लोहार आता नाही, त्याच्या जागी मोबाइलची कव्हरं विकणारं दुकान आहे, पण नानांचा रस्ता अजून त्या भात्यापासूनच निघतो. आणि हे कुठे, तर धुळ्यात. इथे जुन्या वस्तीत गल्ल्यांना नावं ठेवायचा कंटाळा करून सरळ नंबर दिलेत. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या हाती गेला, कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याला मुख्य ठाणं केलं, बऱ्हाणपुराकडचे व्यापारी-कारागीर बोलावून नवी पेठ वसवली, रस्ते सरळ आखले. गल्ली नंबर चार म्हटलं की परक्यालाही सापडावी, इतकं सोपं गाव. नाना स्वतः तीस वर्षं अशाच एका नंबराच्या गल्लीत मुलाकडे राहतात, आणि रिक्षावाल्याला सांगतात, "काल जठे उतरनू व्हतू, तठेच."

कालचा रिक्षावाला दुसराच होता, हे सांगून उपयोग नसतो.

नाना म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. वय चौऱ्याऐंशी, कान अर्धे, डोळे लख्ख. त्यांच्या या तऱ्हेवर आम्ही सगळे हसायचो. माझं हसू कमी झालं ते नोकरीमुळे.

मी देवपुरात राहते, पांझरेच्या पलीकडच्या काठाला, आणि घरूनच काम करते. कंपनी पुण्याची, ऊन धुळ्याचं. लोकांच्या गबाळ्या फायली आवरून, एका साच्यात बसवून परत द्यायच्या, हे काम. दिवसभर ईमॅक्स उघडा असतो. ईमॅक्स म्हणजे मजकूर लिहायचा एडिटर, रिचर्ड स्टॉलमन यांचा. जीएनयू ईमॅक्स १९८५ पासूनचा आहे, म्हणजे वयाने माझ्यापेक्षा थोरला. त्याच्या पोटात लोकांनी पत्रव्यवहारापासून टेट्रिसपर्यंत काय काय भरून ठेवलंय. त्यातच एक ईशेल आहे. जॉन विग्ली यांनी लिहिला आणि २००१ मध्ये आलेल्या ईमॅक्स २१ पासून तो सोबत मिळतो. शेल म्हणजे एक ओळ टाइप करून कंप्युटरला काम सांगायची जागा. माउस नाही, चित्रं नाहीत. तुम्ही एका डिरेक्टरीत, म्हणजे फोल्डरमध्ये, उभे असता, आजूबाजूला त्या डिरेक्टरीतल्या फायली असतात, आणि दुसरीकडे जायचं तर 'सीडी' लिहून पुढे जागेचं नाव लिहायचं.

जागेचं नाव दोन तऱ्हांनी सांगता येतं. एक मुळापासून: जिल्हा, तालुका, गाव, गल्ली, घर. दुसरी तऱ्हा नानांची: इथून दोन पायऱ्या वर, मग डावीकडे. या दुसऱ्या तऱ्हेत बोलणं थोडकं होतं, पण 'इथून' म्हणजे कुठून हे दोघांनाही ठाऊक असावं लागतं.

ईशेल याच्याही पुढे जातो. 'सीडी' लिहून एक उणे चिन्ह दिलं की आधी जिथे होतात तिथे परत. म्हणजे अक्षरशः "काल जठे उतरनू व्हतू, तठेच". 'सीडी' पुढे बरोबरचं चिन्ह दिलं तर तो गेल्या भटकंतीची यादीच काढून दाखवतो, प्रत्येक जागेपुढे नंबर. मग 'सीडी -४' म्हटलं की त्या नंबराच्या गल्लीत. आणि बरोबरच्या चिन्हाला चिकटून नावाचा तुकडा लिहिला, समजा 'सीडी =साक्री', तर मागच्या यादीत ज्या जागेच्या पत्त्यात साक्री आहे अशी अगदी अलीकडची जागा शोधून तो तुम्हाला तिथे नेऊन उभा करतो. "ते नाही का, साक्रीकडचं," एवढ्यावर समजून घेणारा श्रोता घरात कुणाला मिळतो? ही यादी मुळात बत्तीस जागांची असते. तिला रिंग म्हणतात, कारण तेहतिसावी आली की सगळ्यात जुनी गळून पडते. तीच जागा दोनदा आली तर एकदाच धरतात. आणि ईमॅक्स बंद झाला तरी यादी एका फायलीत लिहून ठेवलेली असते, त्यामुळे चार दिवस गावी जाऊन आले तरी परतल्यावर 'आपण कुठे कुठे होतो' हे मशीनला आठवतं. मला आठवतंच असं नाही.

नुसतं 'सीडी' म्हटलं, पुढे काहीच नाही, तर तुम्ही घरी जाता. घराची खूण ही नागमोडी रेघ: ~. या रेघेचा आणि घराचा संबंध अगदी योगायोगाचा आहे. सत्तरच्या दशकात एडीएम-३ए नावाचं एक टर्मिनल, म्हणजे कंप्युटरला जोडायचा पडदा आणि कीबोर्ड, खूप खपलं. त्याच्या कीबोर्डवर ज्या बटणावर ही रेघ होती त्याच बटणावर 'होम' असंही छापलेलं होतं. लोकांची बोटं तिथे जात राहिली आणि रेघ म्हणजे घर झालं. ते टर्मिनल कधीच भंगारात गेलं, घर राहिलं.

तरी हे 'नुसतं म्हटलं की घरी' मला जरा टोचतं. आमच्याकडे अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गौराई बसवतात, आणि त्या चार दिवसांत त्यांना "घरी कधी जाणार?" असं विचारलं की कुठलं घर ते विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघून ओळखावं लागतं. मशीनला हा पेच नाही. त्याचं घर लॉगिन करतानाच कुणीतरी ठरवून दिलेलं असतं. आमचंही तसंच म्हणा.

'सीडी'ची एक जुनी गोष्ट मला फार आवडते. युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम घडवणाऱ्यांपैकी एक, डेनिस रिची, यांनीच ती लिहून ठेवली आहे. १९७० च्या सुमाराला बेल लॅब्समध्ये पीडीपी-७ या मशीनवर युनिक्स बाळसं धरत होतं. एका प्रोसेसने, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रॅमने, आपल्यासारखीच दुसरी प्रोसेस जन्माला घालायची, काम तिच्याकडून करून घ्यायचं आणि काम झालं की तिने संपून जायचं, ही नवी युक्ती त्यांनी बसवली. सगळं चाललं. आनंदात असतानाच ध्यानात आलं की डिरेक्टरी बदलायची आज्ञा, तेव्हा तिचं नाव 'सीएचडीआयआर' होतं, काम करेनाशी झाली आहे. पुष्कळ वाचन झालं, चिंता झाली, मग उलगडा झाला. आज्ञा तिचं काम चोख करत होती. पोर जन्माला येत होतं, सांगितलेल्या गावी जात होतं आणि तिथेच संपत होतं. बाप मात्र होता तिथेच उभा. म्हणून ही एक आज्ञा शेलला स्वतःच्या अंगात घ्यावी लागली. दुसरी पुष्कळ कामं पोरांकडून करून घेता येतात, जागा मात्र ज्याची त्यालाच बदलावी लागते. मी पुण्याला होते तेव्हा आई फोनवर म्हणायची, "तू गयी, मी आठेच शे." मी त्यात तक्रार ऐकायचे. बहुतेक ती फक्त वस्तुस्थिती सांगत असावी.

जागांची ती यादी ही शेलची एक वही. दुसरी वही असते आज्ञांची. तिला हिस्टरी म्हणतात. ही सोय लोकांच्या हाती आली ती बिल जॉय यांच्या सी शेलमुळे, बर्कलीत, सत्तरच्या दशकाच्या शेवटी. तुम्ही जे जे टाइप केलं ते ओळीने लिहून ठेवलं जातं. ईशेलमध्ये ही वही मुळात १२८ ओळींची असते. मी ती कधीच वाढवून घेतली. मेटा (साध्या कीबोर्डवर ऑल्ट) आणि पी ही बटणं एकदम दाबली की मागची आज्ञा समोर येते, पुन्हा दाबली की त्याच्या मागची. सुरुवातीची दोन अक्षरं लिहून मग दाबलं, तर त्या अक्षरांनी सुरू होणारी अगदी अलीकडची आज्ञा येते. एवढी सोय आहे की पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर माणूस पुरतं टाइप करणंच सोडतो. दोन अक्षरं, मेटा-पी, एंटर. बायका भाकरी थापताना जशा पिठाकडे बघत नाहीत, तसं.

आता आबांच्या वहीकडे येते, कारण ही सगळी रामकहाणी तिच्यासाठी.

आबा म्हणजे माझे आजोबा, पांझरेकाठच्या आमच्या गावचे पाटकरी. पांझरा पिंपळनेरच्या बाजूला उगवते, साक्री तालुक्यातून धुळ्याला येते आणि पुढे उत्तरेला वळून मुडावदला तापीला मिळते. तिच्यावर थोड्या थोड्या अंतराने दगडी बंधारे आहेत, कित्येक शतकांचे. बंधाऱ्यातून कालवा निघतो, कालव्यातून चाऱ्या, चारीतून शेतातले सारंग, आणि उरलेलं पाणी सांडव्यातून परत नदीत. कालव्याखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे तुकडे पाडलेले असतात. त्या एकेका तुकड्याला फड म्हणतात, आणि पद्धतीलाही फडच. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. या फडात ऊस तर सगळ्यांचाच ऊस, त्या फडात यंदा पाणी नाही तर कुणालाच नाही. प्रत्येकाचं थोडं थोडं रान प्रत्येक फडात, म्हणून ओरडायला जागा नाही. पाणी सोडायचं काम पाटकऱ्याचं, त्याच्यावर देखरेख हवालदाराची, रात्री राखायला जागल्या, आणि या सगळ्यांचा मोबदला पिकातून. आमच्या गावची माणसं हे सगळं सांगताना आवाज चढवतात, जणू समोरच्याने नाही म्हटलंय. पुढे वर धरणं झाली, विहिरी खणल्या गेल्या, मोटारी बसल्या. आता आमच्या गावात फड बोलण्यापुरताच उरलाय.

आबांनी पाण्याच्या पाळ्यांची एक वही ठेवली होती. लाल कापडी पुठ्ठा, आत शाईपेन्सिल. पाणी लागलं की ती शाईपेन्सिल जांभळी फुटते, आणि आबांचा हात पाण्यातच, त्यामुळे अर्धी पानं जांभळी. वडील गेल्यावर ती माझ्याकडे आली. एक ओळ अशी: 'दशमी. वरली चारी. तात्या. दिवस उगवता सोडलं.' पुढची: 'तात्या बंद. खालचा.' मग: 'जागल्या नाही. मीच.' अशा शंभरावर पानांच्या ओळी. महिना क्वचित, वर्ष कुठेच नाही. कुठला फड तेही नाही, कारण ते आबांना माहीत होतं, आणि वही वाचणारा दुसरा कुणी असेल हे त्यांच्या मनातही नव्हतं.

ही वही मी पहिल्यांदा नीट वाचली तेव्हा वाटलं, ही हिस्टरी फाइल आहे. आज्ञा आहेत, एकाखाली एक. सोड, बंद कर, खालच्याला दे. कुठे उभं राहून, ते नाही.

धुळ्याच्या माणसाला इथे राजवाडे आठवणारच. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे शेवटी धुळ्याला आले आणि इथेच १९२६ च्या ३१ डिसेंबरला गेले. त्यांच्या नावाचं संशोधन मंदिर गावात आहे. शाळेतून आम्हाला तिथे नेलं होतं. मला फक्त जुन्या कागदांचा वास आणि कुणीतरी "हात लावू नका" म्हणालेलं आठवतं. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून दप्तरं धुंडाळली, माळ्यांवरचे रुमाल सोडले, आणि मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड छापले. पहिला १८९८ चा. त्या काळच्या पत्रांची एक खोड प्रसिद्ध आहे. पत्रात 'छ' लिहून चंद्राची तारीख असते, महिना असतो, पण वर्ष पुष्कळदा नसतंच. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला चालू वर्ष ठाऊकच होतं, मग लिहायचं कशाला? दोनशे वर्षांनी मात्र संपादकाला त्या एका वर्षासाठी डोकं आपटावं लागतं. पत्रात मुक्काम कुठला, कोण आजारी आहे, पाऊस झाला की नाही, असल्या बारीकसारीक खुणांवरून मित्या लावत बसावं लागतं. नुसत्या मजकुराला काही अर्थ नसतो असं नाही, पण 'फौज घेऊन सत्वर येणे' हे कुठे आणि कधी, ते कळलं नाही तर त्याचा इतिहास होत नाही. ती फक्त हाक राहते.

माझ्याकडे मित्या लावायला नाना होते. आबा पाटकरी असताना नाना पोरसवदा, रात्री जागल्याबरोबर कंदील धरून जायचे. मागच्या हिवाळ्यात मी दर रविवारी त्यांच्याकडे वही घेऊन बसले. मी ओळ वाचायची, ते सांगायचे. हा तात्या कोणता, 'खालचा' म्हणजे कोण, भांडण कशावरून. मी घरी येऊन ते टाइप करून ठेवायची, एका रविवारची एक फाइल. डिरेक्टरीचं नाव 'नाना'. तिच्या शेजारी दुसरी डिरेक्टरी 'कच्चं'. तिथे वहीच्या पानांचे स्कॅन आणि त्यांतून अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने काढलेला मजकूर. शाईपेन्सिलीची जांभळी पानं त्याला काय कळणार. 'तात्या बंद'चं त्याने एकदा 'ताज्या बंदर' केलं होतं. तो कचरा मी रोज कामाच्या शेवटी पुसून टाकायची. 'आरएम', मग तारा, मग टेक्स्ट फायलींचं शेपूट. म्हणजे इथे असतील तेवढ्या सगळ्या टेक्स्ट फायली पुसून टाक. दोन अक्षरं, मेटा-पी, एंटर.

फेब्रुवारीतली संध्याकाळ होती. 'कच्चं'मध्ये काम करता करता काहीतरी ताडून बघायला 'नाना'त गेले, 'सीडी -' करून परत आले, पुन्हा काहीतरी बघायला गेले, पुन्हा आले. दाराशी दूधवाला आला. पैसे देऊन परत बसले, आणि बोटांनी सवयीने आणखी एक 'सीडी -' केलं. मग आर, एम, मेटा-पी, एंटर.

युनिक्सची रीत अशी की काम फत्ते झालं की तो गप्प असतो. तो गप्प होता. मी यादी काढली तर डिरेक्टरी रिकामी.

प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे टाइप करायच्या ओळीच्या सुरुवातीला, जागेचं नाव लिहिलेलं होतं. ईशेल ते दर ओळीला लिहितो. पण आपल्याच घरात शिरताना दारावरची पाटी कोण वाचतं? ईमॅक्स प्रत्येक फायलीची आधीची प्रत तीच नागमोडी रेघ शेपटीला लावून शेजारी ठेवतो, त्या प्रतींना ही आज्ञा लागू झाली नसती. पण यादीत कचरा दिसतो म्हणून दोन वर्षांपूर्वी मीच ती सोय बंद केली होती. बॅकअप होता, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातला. त्यात एक रविवार. दोन फायली ईमॅक्समध्ये उघड्या होत्या, त्यांचे बफर, म्हणजे ईमॅक्सने उघडून धरलेला मजकूर, जिवंत होते, त्या तेवढ्या पुन्हा सेव्ह करता आल्या. अकरा रविवारांतले तीन हाताशी, आठ गेले. नवऱ्याने विचारलं, "काय झालं?" मी म्हणाले, "काही नाही, मीठ जास्त पडलंय का बघा." त्या दिवशी स्वयंपाक त्यानेच केला होता.

रात्री अंथरुणात पडल्या पडल्या चूक कुठे झाली ते उलगडत बसले. शेल दोन वह्या ठेवतो. एकीत जागा, दुसरीत आज्ञा. दोन्ही इमानदार. पण कुठली आज्ञा कुठल्या जागी दिली होती, हे दोन्हींत नाही. पुसायची ती ओळ 'कच्चं'मध्ये शहाणी होती. मी ती तिथून उचलली आणि दुसऱ्या गावात जाऊन तशीच म्हटली. ईशेल आपल्या हिस्टरी फायलीत वेळसुद्धा लिहीत नाही, नुसती ओळ. बॅश या दुसऱ्या शेलला बजावलं तर तो वेळ लिहितो, झेडशेल त्यासोबत किती सेकंद लागले तेही. जागा आपणहून कुणी लिहीत नाही. आबांनीही लिहिली नव्हती. मजा म्हणजे त्याच ईमॅक्समध्ये प्रत्येक बफरला स्वतःचा मुक्काम असतो. तुम्ही कुठल्याही कागदावर असा, हा कागद कुठल्या डिरेक्टरीतला ते त्याला ठाऊक असतं. ठाऊक असतं, पण लिहून ठेवलं जात नाही.

दुसऱ्या दिवशी मी लिस्पमध्ये, म्हणजे ईमॅक्सला नव्या सवयी लावायच्या भाषेत, आठ-दहा ओळी लिहिल्या. आता कुठलीही आज्ञा चालण्याआधी एका साध्या फायलीत तारीख, वेळ, मुक्काम आणि आज्ञा अशी ओळ पडते. फायलीचं नाव 'रोजनामचा'. पुसायच्या आज्ञेला विचारून पुसायची सवय लावली. एक टोपणनावही केलं: 'कठे' असं लिहिलं की ईशेल सांगतो आपण कुठे उभ्या आहोत. ईशेलची टोपणनावं लगेच फायलीत जातात आणि त्याला देवनागरीचं वावडं नाही. हे सगळं फार समाधानाचं होतं. त्यातून आठ रविवार परत येणार नव्हते.

नानांना सांगायचा धीर झाला नाही. त्यांनी एवढा घसा कोरडा केला होता. महिनाभर गेलेच नाही त्यांच्याकडे. मग एका रविवारी वही घेऊन गेले आणि म्हटलं, "नाना, पुन्हा एकदा सांगता का, काही ठिकाणी माझं लिहायचं राहिलंय." नानांनी चष्म्यावरून बघितलं. "मी सांगेल शे ना तुले." मी पहिली ओळ वाचली. दशमी, वरली चारी, तात्या. नाना काहीतरी बोलले, थांबले, पुन्हा बोलले, तात्याचं सोडून त्याच्या बैलावर गेले, मग गप्प झाले. काकूंनी शेवभाजी आणि कळण्याची भाकरी वाढली. आम्ही जेवलो. हात धुताना नाना म्हणाले, "आठे बसीसन काय सांगू? चाल तठे."

एप्रिलमध्ये उन्हाच्या आधी पोचायचं म्हणून पहाटे निघालो. साक्री रोडने नेरपर्यंत नाना गप्प होते. गाव जवळ आलं तसे खिडकीला चिकटून बसले. बंधाऱ्यापाशी उतरलो तेव्हा नदीत पाणी नव्हतं, नुसता दगड आणि मध्ये हिरवट डबकं. नाना काठी टेकत कालव्याच्या भरावावर चढले आणि चालायला लागले, माझ्या आधी. कालव्यात गाजरगवत माजलेलं. एके ठिकाणी थांबले, काठीने गवत बाजूला केलं. खाली दोन दगड होते, मध्ये खाच. खाचेत फळी बसायची. फळी उचलली की वरली चारी, ठेवली की बंद. "तात्या आठे बसे," नाना म्हणाले, "बिडी लईसन." तात्या पाणी सोडल्यावर घरी जात नसे. पाळी संपेपर्यंत तिथेच बसून राही, कारण एकदा तो उठला आणि खालच्याने फळी ठेवून दिली. 'तात्या बंद. खालचा.' ही ती ओळ. घरी बसून अकरा रविवारांत हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं. तेव्हा खालचा म्हणजे तात्याचा मेहुणा, एवढंच सांगितलं होतं.

मी फोनवर लिहीत होते. वरती आधी तारीख आणि गावाचं नाव.

मग वहीतल्या एका ओळीवर आलो. 'पाणी बंद. सगळ्यांचं. एकादशी.' ही ओळ मला पक्की आठवत होती, कारण पहिल्या खेपेला नानांनी तिच्यावर अर्धा तास घेतला होता. ते बहात्तरच्या दुष्काळाचं, असं म्हणाले होते. बंधाऱ्यात थेंब नाही, गाव सुकडी खायला आणि रोजगार हमीची खडी फोडायला गेलेलं, आबा कोरड्या कालव्याच्या कडेला बसून राहायचे. मी ते तसंच लिहिलं होतं, जरा बऱ्या भाषेत, खरं सांगायचं तर जरा रडवेल्या भाषेत. त्या एका ओळीमुळे आसपासच्या वीस पानांना वर्ष मिळालं होतं. गेलेल्या फायलींत मला सगळ्यात हळहळ त्याच फायलीची होती.

मी ओळ वाचली. नाना सांडव्याकडे बघत होते. तिथे जुन्या काळ्या दगडात मधेच हातभर रुंदीचा पट्टा वेगळ्या दगडांचा आहे, सिमेंटने सांधलेला. मी लहानपणापासून शेकडो वेळा बघितला असेल, विचारलं कधी नाही. नाना काठी उचलून म्हणाले, त्या साली पूर आला, सांडवा फुटला, कालव्यात पाणी चढेना म्हणून सगळ्यांचं बंद. पाणी उदंड होतं, पण वर चढत नव्हतं. दगड वाहायला सगळं गाव आलं होतं. आबांनी स्वतः चार दिवस दगड वाहिले, आणि म्हणून पुढची पाच पानं कोरी आहेत.

मी वही उघडून बघितली. त्या ओळीनंतर दोन नाही, तीन नाही, पाच पानं कोरी. शाईपेन्सिलीचा डागसुद्धा नाही.

"नाना," मी म्हटलं, "पण मागे तुम्ही बहात्तरचं म्हणालात."

"कवय?"

"जानेवारीत. घरी. तुम्ही सांगितलं, मी लिहून घेतलं."

"वाची दखाड बरं."

तेव्हा सांगावंच लागलं. ते लिहिलेलं आता नाही, माझ्या हातून पुसलं गेलं, आठ रविवार गेले, दोन महिने तुमच्यापासून लपवलं. नानांनी ऐकून घेतलं. काठी खाचेतल्या दोन दगडांवर आडवी ठेवली, फळीसारखी, आणि तिच्यावर हात टेकून हसायला लागले.

"बरं झायं," म्हणाले. "ते खोटं व्हतं."